अजून बोला

बोरी अरबला पुंडलिकरावांच्या घरी कोणी गेलं, की चहाच्या आधी भाषण यायचं. आणि तेही ताजं नाही बरं, पस्तीस वर्षांपूर्वीचं! गावात पाण्याची टाकी झाली, तिच्या उद्घाटनाला पुंडलिकराव सरपंच म्हणून जे बोलले, ते मंडपवाल्यानं कॅसेटवर भरून घेतलं होतं. ती वाजवायला त्यांनी यवतमाळहून कोणाचा तरी वापरलेला कॅसेट डेक आणला आणि बैठकीतल्या कपाटात मानानं बसवला.

आवाज काय हो तो! भारी, खर्जातला, सावकाश. शेवटाकडं तर असा थरथरायचा की ऐकणारा आपोआप खाली मान घालायचा. "गहिवर व्हय तो," पुंडलिकराव सांगायचे. टेप ऐकून ऐकून ते स्वतःही तसंच बोलायला लागले होते. "विऽमल, पाऽणी दे" हे त्यांच्या तोंडून पूर्ण होईस्तोवर त्यांच्या पत्नी विमलताई पाणी देऊन, रिकामं भांडं उचलून आत गेलेल्या असायच्या.

भाषणाचा कळस मात्र पुढंच होता. मधेच गर्दीतून कोणीतरी भारदस्त आवाजात ओरडायचं, "अऽजून बोऽला..." पुढचे शब्द एका रेड्याच्या ओरडण्यात बुडून जायचे. उद्घाटनाला रेडा कुठून आला, हे कोणी विचारलं नाही.

"किसनराव व्हय तो!" पुंडलिकराव मांडीवर थाप मारायचे. "विरोधी पॅनलचा मानूस, अन् मले म्हनते अजून बोला!"

किसनरावांनी "म्या कवा म्हनलं असं, बाप्पा?" म्हणून पुष्कळदा सांगून पाहिलं. पुंडलिकरावांनी तो त्यांचा विनय धरला, आणि गावातल्या दर भांडणात किसनरावांची बाजू घेत आले.

आता पुंडलिकरावांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. समाजमंदिरात सत्कार ठरला, पत्रिका वाटून झाल्या. अध्यक्ष किसनराव, आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'ऐतिहासिक भाषणाचे श्रवण'. अन् नेमकी तेव्हाच डेकनं मान टाकली. बटन दाबलं की आत मोटर घुरघुरायची, चाकं मात्र जागची हलत नव्हती.

"आतले पट्टे गेले असन, बाबा," शेती सांभाळणारा मुलगा अंकुर म्हणाला. "जाऊ द्या ना. तुमी नवीन भाषन करा."

"नवीन?" पुंडलिकराव असे तडकले की खर्ज सुटून आवाज भलतीकडंच गेला. "सारं गाव काय नवीन ऐकाले येऊन राह्यलं?"

मग जुगाड सुरू झाले. आधी साधं रबर लावलं, ते तुटलं. मग विमलताईंच्या शिलाई मशीनचा पट्टा काढून आणला, तो आत मावेचना. शेवटी अंकुरनं मोबाईलवरून पट्टे मागवले, ते सत्काराच्या आदल्या दिवशी आले. पुंडलिकरावांनी स्वतः डेक उघडला. जुना पट्टा वितळून त्याचं पार डांबर झालेलं! बोटाला लागलं, बोटाचं नाकाला लागलं, नाकाचं सत्कारासाठी शिवलेल्या सदऱ्याला. विमलताई स्पिरिट आणि चिंध्या पुरवत होत्या. चाकं पुसून लख्ख झाली, नवे पट्टे ताठ बसले. पुंडलिकरावांनी हात जोडून बटन दाबलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो!"

बारीक, किनरा आवाज, घाईत, जशी काही बोलणाऱ्याची एसटी सुटत होती.

"हा कोन व्हय बे?" पुंडलिकराव म्हणाले.

"तुमीच, बाबा."

"हट्! पट्टा चुकीचा आला."

अंकुरनं भजनाची कॅसेट लावून पाहिली. बुवा अगदी बरोबर सुरात गात होते. "पट्टे बराबर आहेत," तो हळूच म्हणाला. "आधीचेच ढिले होते. टेप धिमी चालत होती, म्हनून आवाज जाड येत होता."

म्हणजे गहिवर गेला! खर्जही गेला. पण किसनराव तर उरले असतील? पुंडलिकरावांनी पुन्हा आपली कॅसेट लावली आणि कान डेकला चिकटवला. ती जागा आली. आवाज बाईचा होता.

"अजून बोलूनच राह्यले काय जी! पोरगं रडून रडून निळं झालं, चाला घरी!"

आणि मागं तान्ह्या पोराचं भोकाड.

"मंग तो रेडा..." अंकुर म्हणाला.

"तू," विमलताई म्हणाल्या, आणि चिंध्या गोळा करू लागल्या.

पुंडलिकरावांचं तोंड एवढंसं झालं. "इतके वर्स सांगतलं काहून नाही?"

"सांगाले मधात जागा कुठं देली तुमी?" त्या म्हणाल्या. मग त्यांना दया आली. "अन् किती खूश राहत होते त्या किसनरावाच्या नावानं. मले नाही वाटलं मोडावं."

"जुने पट्टे टाकता येते काय रे परत?" पुंडलिकरावांनी विचारलं. अंकुरनं त्यांच्या सदऱ्याकडं बोट दाखवलं. जुने पट्टे तिथंच होते.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिर भरलं. डेक आलाच नाही. हारतुरे झाले, पुंडलिकराव माइकपाशी गेले आणि आपल्या खऱ्या, बारीक आवाजात बोलले. पहिल्या ओळीला पोरं फिदीफिदी हसली. "टाकी साऱ्या गावानं बांधली. म्या नुसता बोललो, अन् लय बोललो. किसनरावजी, तुमचं नाव उगाच घेतलं, माफी असू द्या." बस्स, एवढंच. ते खुर्चीकडं वळले. किसनरावांनी सुटकेचा असा सुस्कारा सोडला की तो माइकमधून साऱ्यांना ऐकू गेला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "अजून बोला!"

पुंडलिकराव थबकले. परत माइकपाशी आले, डोळ्यांवर हात धरून तिकडं पाहू लागले. "कोन व्हय? बराबर सांगा बरं. 'बोला', का 'बोलूनच राह्यले'?"

लोक हसायला लागले. विमलताई पदर सावरत उभ्या राहिल्या. "बोला म्हनलं जी. मले आयकाचं हाय."

या खेपेला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला होता. पुंडलिकरावांनी दोन्ही हातांनी माइक धरला, घसा साफ केला, आणि काय बोलावं ते त्यांना काही केल्या सुचेना.