आपोआप बारकू

एकोणीसशे नव्व्याण्णव साली आमच्या सिल्वासाच्या कचेरीत इंटरनेट आलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. मी कुसुम, इथली हेडक्लार्क, मूळची गुहागरची. पाठोपाठ वरून पत्र आलं: इंटरनेट जोडताच फायरवॉल आपोआप सुरू झाली पाहिजे, आठ दिवसांत तपासणी.

"काय असते रे ही?" मी आमच्या कॉम्प्युटरवाल्या तुषारला विचारलं.

"बाहेरचं कुणी आपल्या कॉम्प्युटरात शिरू नये म्हणून पहारा, मॅडम. पण ती दर वेळी हातानं सुरू करावी लागते. आपोआप करायला गेलं की कॉम्प्युटरच गपगार पडतो."

तीन दिवस पोरानं खटपट केली. कसलं काय नि फाटक्यात पाय!

त्याच आठवड्यात दुसरं पत्र: एक तारखेपासून रोजंदारीवाले बंद. आमच्याकडे रोजंदारीवर एकच, बारकू. शहाद्याचा माणूस, डोकमर्डीला खोली, अकरा वर्षं कचेरीत पाणी भरतोय. "बाई, आता आमचं कसं होईन?" एवढंच म्हणाला आणि माठ विसळायला लागला. मला असा संताप आला म्हणून सांगू! अकरा वर्षं राबवायचं आणि एका सहीत हाकलायचं?

म्हटलं, थांबा मेल्यांनो. तुम्हाला आपोआप पाहिजे ना?

बारकूला दारापाशी स्टुलावर बसवला. इंटरनेट जोडताना मॉडेम किंचाळला की उठायचं, पडद्यावरच्या फायरवॉलच्या विटांच्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची, परत येऊन बसायचं. कुणी सांगायची वाट बघायची नाही. दोन दिवसांत असा तयार झाला की मॉडेमनं घसा साफ केला तरी हा उभा.

तपासणीचे साहेब आले. तुषारनं नंबर फिरवला, मॉडेम किंचाळला. बारकू आला, टिचकी मारली, गेला.

साहेब बघतच राहिले. "हे काय?"

"आपोआप सुरू होणारी फायरवॉल," मी म्हटलं. आवाज चढाच ठेवला.

साहेबांनी चष्मा पुसला. बारकूला म्हणाले, "आता मी सांगितल्याशिवाय उठायचं नाही." परत नंबर फिरवला. बारकू उठला, टिचकी मारून बसला.

"माझंही ऐकत नाही!" साहेब खूश. "याला म्हणतात सुरक्षा. वस्तूची नोंद करा."

झालं! स्टोअरच्या प्रभाकरनं नोंद केली: फायरवॉल, स्वयंचलित, नग एक. खुर्च्या-टेबलांवर घालतो तसा बारकूच्या शर्टाच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं ४१७ घातला. रोजंदारीच्या यादीतून नाव उडालं, कारण वस्तूला कोण काढणार? पगार निघाला देखभाल-दुरुस्तीतून. रजा हवी असली की मी शेरा मारायची, 'दुरुस्तीला पाठवली'.

चार महिने सुखात गेले. मग एके दिवशी तुषार नाचतच आला. "मॅडम, जमलं! पडद्यावरच्या एका चौकटीत खूण करायचं काम होतं. आता खरंच आपोआप!"

मॉडेम किंचाळला. बारकू पळत आला, माउस धरला. पडद्यावर फायरवॉल आधीच सुरू झालेली. त्याचं बोट तसंच वर राहिलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "नवीन वस्तू आली की जुनीचा लिलाव करतात ना?"

त्यानं पाठ फिरवली तेव्हा मला दिसलं. शर्ट नवा होता, आणि नंबर रंगाचा नव्हता.

"हा कुणी घातला रे?"

"बायकोनं, बाई. धुतला की रंग जातो. ती म्हणे, नंबर गेला तर काढून टाकतील. म्हणून चारी शर्टांवर तिनं दोऱ्यानं शिवला."

मला पुढचं नीट दिसेना. मी तुषारवर खेकसले, "काढ ती खूण!"

"पण मॅडम, आपल्याला आपोआपच तर..."

"काढ म्हणते ना!"

त्यानं मुकाट्यानं काढली. बारकू स्टुलावर जाऊन बसला. मी स्वतः नंबर फिरवला, आणि मॉडेम किंचाळायच्या आधीच तो उठला.