तीन विसा

"मावशी, ते साठ खोडा. पन्नास करा, सगळ्यांचं सारखं पाहिजे," साहेब खेकसला. कुसाबाई पेन्सिल घट्ट धरून तशीच बसली.

हरसूलकडच्या आमच्या पाड्यावर त्या दिवशी साक्षरता वर्गाची परीक्षा होती. वर्ग मी घेते, अंगणवाडीच्या ओट्यावर. आठ महिने चिंचोके मांडून मी या बायांना बेरजा शिकवल्या, पाढे घोकून घेतले. आणि परीक्षा घ्यायला आलेल्या या साहेबाला जेवणाची घाई! आल्या आल्या ओट्याखाली पानाची पिंक टाकली आणि सगळी उत्तरं फळ्यावर लिहून मोकळा झाला. तीही चुकीची. पाच किलोची एक पेटी, तर बारा पेट्या द्राक्षं किती किलो? म्हणे पन्नास. बायांनी मुकाट उतरवून घेतलं.

कुसाबाईचा पाढा कच्चा, पण विसाविसानं मोजायची तिला जुनी सवय. चार पेट्यांचा एक विसा, असे तिनं बोटांवर तीन धरले.

"तीन विसा व्हत्यात, सायेब. साठच."

"विसा-बिसा काय लावलंय? फळ्यावर बघा."

"फळ्यावरच चुकलंय."

"बरोबर सांगतायत त्या," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही मधे पडू नका. निकाल शंभर टक्के लागला पाहिजे."

कुसाबाईला तो दाखला हवा होता. पिंपळगावच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये क्रेट उचलून तिची कंबर गेली होती. मुकादम कुंदन म्हणाला होता, दाखला आण, वजन लिहायला काट्यावर बसवतो. म्हणून मी तिच्या कानाशी लागले, "लिही पन्नास. दाखला तरी मिळेल."

"काट्यावर बी आसंच लिवू का मंग?" ती म्हणाली. माझीच मला शिसारी आली.

साहेबानं तिचा पेपर ओढला, साठावर काट मारून स्वतःच्या पेननं पन्नास केले आणि पूर्ण मार्क दिले. चंद्रभागेचं तर पटावर नुसतं नाव; ती परीक्षेलाही नव्हती, आधीच पिंपळगावला मजुरीला गेली होती. तिचा कोरा पेपरही त्यानंच भरला. सगळ्या पास.

दाखले आले. कुसाबाईनं आपला उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो माझा नाय, बाई. त्यानं लिवलाय, त्यालाच द्या."

तो ओट्यावर टाकून ती पिंपळगावच्या टेम्पोत चढली. मी हाका मारल्या, तिनं मागं पाहिलं नाही.

आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"बसवलं का गं काट्यावर?"

"मला कुटं? चंद्रभागेला बसवलं. तिच्या नवऱ्यानं दाखला नेऊन दिला ना. मी क्रेटच उचलतीय. तिला काट्यावरचा आकडा वाचता येत नाय, मलाच वाकून सांगाया लागतंय."

ती पुढं बोलतच राहिली.

"आन बाई, आज बारा पेट्या मीच चढवल्या. त्या सायबाला सांगा, काट्यानं बी साठच दावलं."