नसलेल्या बोटीची रांग

आमच्या चेन्नंतुरुत्तची बोट बंद झाली तेव्हा सगळं बेट चवताळून उठलं, पण घराबाहेर कोणी पडलं नाही. जो तो खाटेवर लोळत फोनवर चवताळला होता. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या लिजोनं फेसबुकवर 'आमची बोट परत द्या' असं एक पान काढलं आणि दुबईपासून टोरांटोपर्यंतची माणसं आमच्या बोटीसाठी गळे काढू लागली. मी तंगमणी, धक्क्याला लागून शिवणयंत्र घेऊन बसते. समोर पाणी रिकामं आणि हातातल्या फोनवर लाल बदामांचा नुसता पाऊस.

मग एके दिवशी जलवाहतूक खात्यानं बोटीचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'जनतेच्या मागणीला मान देऊन सेवा पूर्ववत.' लिजोनं केक कापला, तोही फोनवरच. बोट मात्र आली नाही. थोडी वाट पाहून त्यानं तसं लिहिलं, तर लोक त्याच्यावरच तुटून पडले. मिळालं तरी रडगाणं सुरूच, म्हणे. टोरांटोच्या एका गृहस्थानं तर बोटीला पाच तारे दिले. खिडकीजवळची जागा छान, वारा उत्तम. शेवटी लिजोला त्याच्याच पानावरून काढून टाकलं.

शाळेतून निवृत्त झालेल्या सत्यभामा टीचरांकडे असला फोन नव्हता. शेजारणीनं 'बोट सुरू झाली' एवढंच सांगितलं, म्हणून त्या डोळे दाखवायला पैलतीरी निघाल्या आणि छत्री घेऊन धक्क्यावर उभ्या राहिल्या.

"टीचर, कोणाची वाट बघताय?" मी विचारलं.

"बोटीची."

"ती कुठे आलीय अजून!"

"सरकारनं आहे म्हणून सांगितलंय ना?"

"सांगितलंय खरं."

"मग मी माझ्या जागी उभी आहे. आता त्यांनी त्यांच्या जागी यावं."

ऊन चढल्यावर त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या सकाळी परत आल्या. बाईमाणूस एकटी उभी बरी दिसत नाही, म्हणून लोनप्पन त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. लोनप्पन आणि कुमारन यांचं कुंपणावरच्या फणसापायी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. लोनप्पनचा नंबर आपल्या आधी लागणार हे कळताच कुमारन जेवणाचं ताट सारून धावत आला. हे दोघं एका रांगेत म्हटल्यावर बाकीच्यांना वाटलं, बोट नक्कीच येणार असणार. आठवडाभरात रांग माझ्या यंत्राला वळसा घालून चर्चच्या भिंतीपर्यंत गेली.

रांग म्हटली की भांडणं आलीच. जेवायला जाताना कोणी जागेवर चप्पल ठेवी, कोणी भोपळा. कुमारननं एकदा बकरी बांधली. लोनप्पननं हरकत घेतली, पण बकरी वेळेवर येते आणि मध्ये घुसत नाही, असं टीचरांनी म्हटल्यावर बकरीचा नंबर पक्का झाला. बायका उभ्या उभ्या कोळंबी सोलायच्या. मी ब्लाउजची मापं घ्यायचे. राजम्माचं साखरेचं औषध संपलंय हे तिच्या पुढच्यामागच्यांना कळलं आणि कोणीतरी लगेच होडी वल्हवत जाऊन ते आणलं. इतके दिवस ती बिचारी शेजाऱ्यांना न सांगता फोनवर त्याबद्दल लिहीत होती.

लिजो सगळ्यात शेवटी आला, मान खाली घालून.

"टीचर, मी फोटो काढू का रांगेचा?"

"फोन खिशात घाल रे. त्या पाण्यात जलपर्णी माजलीय, बोट आली तर अडकेल. उतर खाली."

तो उतरला. त्याच्यामागे आणखी पंधरावीस जण उतरले. नसलेल्या बोटीसाठी आम्ही अख्खा कालवा साफ केला.

एवढी गर्दी का होते ते बघायला खात्यानं हरिहरन नावाचे साहेब पाठवले. ते भाड्याच्या होडीनं आले, होडीवाला त्यांना सोडून निघून गेला. साहेबांनी रांग पाहिली, पाणी पाहिलं, आणि कपाळाचा घाम पुसला.

"अहवालात बोट नाही असं लिहा की," टीचर म्हणाल्या.

"कसं लिहू? आमचंच खातं म्हणतं की ती आहे."

"मग काय लिहिणार?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "उशीर झालाय, असं लिहितो."

ते परत जायला निघाले तसा कुमारन म्हणाला, "साहेब, कुठे जाताय?"

"पैलतीरी."

"मग मागे उभे राहा. इथे सगळे पैलतीरीच जायचे आहेत."

साहेबांनी ऑफिसला फोन लावला. वरिष्ठ म्हणाले, बोटीनं या. बायकोला लावला तर ती म्हणाली, फोनवर बोट वेळेवर आहे असं दिसतंय, थापा मारू नका. ते लोनप्पनच्या ओसरीवर मुक्कामाला राहिले आणि रोज सकाळी दाढी करून रांगेच्या शेवटी उभे राहू लागले.

शेवटी टीचरांनाच कंटाळा आला. "कुमारन, तुझ्याकडे भात वाहायच्या दोन होड्या आहेत ना?"

"आहेत. पण होड्यांना लावायला यंत्र नाही. टीचर, त्याला विचारा त्याच्याकडे आहे का."

लोनप्पन हातभर अंतरावर उभा होता. "टीचर, त्याला सांगा, आहे. पण त्याच्या होडीला माझं यंत्र लागेल का ते विचारा."

टीचरांनी छत्री मिटली. "मला डोळ्यांचा त्रास आहे, कानांचा नाही. तुमचं तुम्ही बोला."

 मग कुमारन पुटपुटला, "फणस गोड होता का?"

"बरका निघाला," लोनप्पन म्हणाला.

दोन होड्या शेजारी बांधल्या, वर शाळेची जुनी बाकं ठोकली. लिजोनं यंत्र खोलून साफ केलं. फोनपेक्षा सोपं आहे म्हणाला. मग सगळे नंबरानं बसले. बकरीनंही आपली जागा सोडली नाही, आणि तिचा हक्क कोणी नाकारला नाही. हरिहरनसाहेब शेवटचे चढले आणि पायाखालच्या फळ्या बुटानं दाबून बघू लागले.

पैलतीरी उतरतानाही नंबरच पाळायचा, असं भरपाण्यात ठरलं. टीचर पहिल्या उतरल्या आणि छत्री उघडून दवाखान्याकडे चालू लागल्या. साहेबांची पाळी येईपर्यंत तिकडून बेटावर येणारी माणसं चढून बसली होती. त्यांनाही रांग होती; उतरायचं तर ती मोडावी लागली असती, आणि तेवढी साहेबांची छाती झाली नाही. ते त्याच होडीनं परत बेटावर आले. लोनप्पनच्या बायकोनं त्यांचं पान मांडूनच ठेवलं होतं.