फोन काकूंनी घेतला

"काका, आज तुमच्या घरी फोन केला होता मी. काकूंनी घेतला. किती गोड बोलतात हो!"

एक्सरेकाकांच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात कुणाच्या तरी गुडघ्याचा फोटो. तो उजेडाच्या पेटीवर लावायचा राहून गेला. गुडघ्याचा मालक बाहेरच्या बाकावरून दाराच्या फटीतून आत डोकावत होता. काकांचा चेहरा बघून त्याला वाटले, आपल्या गुडघ्याचे काही खरे नाही.

"कुणी घेतला?" काकांनी विचारले.

"काकूंनी! तुम्ही कामावर गेलाय म्हणाल्या. रविवारच्या भेटीचं सांगितलंय मी त्यांना. येताना त्यांना आणलंच पाहिजे, सांगून ठेवते. बरं, घंटा झाली, पळते वर्गावर."

फोन बंद झाला. काकांनी फोटो पेटीवर लावला, तो उलटा लागला, काढून पुन्हा लावला. मग गुडघ्याच्या मालकाला आत बोलावून, "झालं, जा तुम्ही, उत्तम आहे," असे सांगून टाकले. खरे तर हे सांगणे डॉक्टरांचे काम. पण त्या क्षणी निदान एका माणसाने तरी निश्चिंत व्हावे असे त्यांना वाटले.

काकूंना जाऊन दोन वर्षे होत आली होती.

काका दवाखान्यात एक्सरे काढत. आयुष्यभर त्यांनी लोकांना एकच गोष्ट सांगितली होती: श्वास घ्या, रोखा, सोडा. काकू गेल्यावर लेकीने त्यांना कॉम्प्युटर आणून दिला, ब्लॉग उघडून दिला आणि म्हणाली, "बाबा, भिंतीशी बोलण्यापेक्षा जगाशी बोला." ब्लॉगचे नाव काकांनी 'श्वास रोखा' ठेवले. पहिल्याच नोंदीत त्यांनी छातीच्या फोटोआधी आरशात बघून केस विंचरणाऱ्या एका गृहस्थांबद्दल लिहिले. शेवटी लिहिले, 'घरी येऊन हिला सांगितले, तर ही म्हणाली, विंचरेना का! हाडं तरी कुठे विंचरता येतात?'

खोटे बोलायचे त्यांच्या मनात नव्हते. 'ही म्हणाली असती' असे लिहायला हवे होते, हात 'ही म्हणाली' लिहून गेला. दुसऱ्या दिवशी खाली तीन प्रतिक्रिया होत्या. 'फळा' नावाने लिहिणाऱ्या शाळेतल्या बाईंनी लिहिले होते, काकू भारी आहेत! सरकारी कचेरीच्या दफ्तरखान्यात बसणाऱ्या 'उंदीरमामां'नी लिहिले होते, वहिनींना दंडवत. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या 'गोळी'ने नुसता एक हसरा चेहरा टाकला होता.

आता यांना काय सांगायचे? काकांनी दुसरी नोंद लिहिली, तीत काकू पुन्हा आल्या. मग येतच राहिल्या. नव्या पुलाबद्दल त्या बोलल्या, वरच्या मजल्यावरच्या भांडखोर जोडप्याबद्दल बोलल्या. यातले त्यांच्या हयातीत काहीच नव्हते. ही यावर काय म्हणेल, याचा विचार करत काका रोज संध्याकाळी पडद्यापुढे बसत, आणि तेवढा वेळ घर भरल्यासारखे वाटे. लेक वाचत असे. एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, आई छान उतरवता तुम्ही," आणि लगेच भाजीवाला आल्याचे निमित्त करून फोन ठेवला.

त्या चौघांचे मात्र गोत्र जमले. फळा वर्गातल्या मुलांची गमतीदार उत्तरे लिहायच्या. उंदीरमामांच्या दफ्तरखान्यात उंदरांनी फायली खाल्ल्या, मग उंदरांच्या बंदोबस्ताची फाईलही उंदरांनीच खाल्ली, ही नोंद काकांनी दवाखान्यात मोठ्याने वाचून दाखवली होती. काका तापाने पडले तेव्हा चार दिवस नोंद नाही म्हणून गोळीने निरोप धाडला होता: 'काय होतंय ते लिहा, औषध सांगते. आणि काकूंना म्हणावं, डोक्यावर ओली पट्टी ठेवा.' त्या दिवशी काकांनी स्वतःच उठून, स्वतःच्या डोक्यावर पट्टी ठेवली होती. आता रविवारी सगळे पहिल्यांदा भेटणार होते. त्यासाठीच काकांनी घरचा नंबर देऊन ठेवला होता.

संध्याकाळी त्यांनी फळांना फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारले, "काय काय बोलली ही?"

"अहो, पुष्कळ. म्हणाल्या, आमचे डॉक्टर संध्याकाळी येतील. मी म्हटलं, डॉक्टर? तर हसायला लागल्या. म्हणाल्या, पांढरा कोट घातला की स्वारी स्वतःला डॉक्टरच समजते, म्हणून मी तसंच म्हणते."

काका खाली बसले. हे त्यांनी कधीच लिहिले नव्हते. हे दोघांतले होते. लेकीच्या कानावरसुद्धा ते कधी गेले नव्हते.

"नंबर कोणता लावला होतात?"

फळांनी एकेक आकडा वाचला. सगळे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी काका अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. भर दुपार होती. उन्हाचा चौकोन टेबलावरच्या फोनपर्यंत आला होता. काका समोर खुर्ची घेऊन बसले आणि मोबाइलवर फळांना म्हणाले, "घरच्या फोनची काहीतरी गडबड दिसते. शाळेच्या फोनवरून जरा लावून बघता का? मी इकडून ऐकतो."

"लावते. हं... वाजतोय."

टेबलावरचा फोन गप्प होता.

"वाजतोय अजून," फळा म्हणाल्या. "हं, घेतला! काकू, मीच. नाही हो, काका म्हणाले फोन बिघडलाय, म्हणून... हो ना! चांगला तर आहे!"

काका समोर बघत होते. रिसीव्हर जागच्या जागी होता. मोबाइलमधून, फळांच्या आवाजाच्या पलीकडून, कुणीतरी बारीक हसल्याचे ऐकू आले. काकांनी हात लांब करून रिसीव्हर उचलला, कानाला लावला. आत कसलाच आवाज नव्हता. तरी ती मेलेल्या यंत्राची शांतता नव्हती. शेजारच्या खोलीत कुणी वावरत असले की घरात जशी शांतता असते, तशी ती होती.

त्यांनी लाइनमनला बोलावले. तो खांबावर चढला, उतरला, कानात पेन्सिल घालून म्हणाला, "रस्ता खोदला ना, तेव्हाच तुमची तार तुटली असणार. बरेच दिवस झाले. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"कुणाचे फोनच येत नाहीत," काका म्हणाले. "पण मग लागतोय कुठे? कुणीतरी उचलतं."

"क्रॉस झाला असेल. दुसऱ्या कुणाच्या घरी वाजत असेल. होतं असं. सोमवारी जोडून देतो."

म्हणजे कुणीतरी एकटी बाई. दुपारी फोन वाजतो, पलीकडून कुणी मायेने 'काकू' म्हणते, मग तिलाही खोडून काढवत नसेल. काकांना ते पटले. पटले नसते, तर त्या रात्री झोप लागली नसती. डॉक्टर हा शब्द तेवढा राहिला. पांढऱ्या कोटातल्या माणसाला डॉक्टर कोण म्हणत नाही, असे स्वतःला सांगून त्यांनी तोही बाजूला सारला.

पण शुक्रवारी दुपारी, रुग्ण संपल्यावर, त्यांनी दवाखान्याच्या फोनवरून स्वतःच्याच घरचा नंबर फिरवला.

"हॅलो?"

आवाज तिचाच, असे शपथेवर सांगता आले नसते. तिचा नव्हे, असेही म्हणवत नव्हते. माणूस गेले की चेहऱ्याचे फोटो उरतात, आवाज मात्र हळूहळू विरत जातो.

"साहेब आहेत का?" काकांनी घसा खाकरून विचारले.

"कामावर गेलेत. आपण कोण?"

"मी... त्यांच्याच दवाखान्यातला."

"अगंबाई! बरे आहेत ना ते?"

"बरे आहेत. तसं काही नाही."

"मग ठीक. जेवणाची फार हेळसांड करतात, तेवढं बघा बाई तुम्ही लोक. थांबा हं, नळ उघडा राहिलाय."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. पावले आत गेली. मग नळ बंद झाला. काकांच्या स्वयंपाकघरातला नळ बंद करताना आधी खोकायचा, घुसमटायचा आणि मग एक लांब उसासा टाकून थांबायचा. हाही खोकला, घुसमटला आणि उसासा टाकून थांबला. काकांनी भिंतीला हात टेकला.

"हं, बोला," बाई परत आल्या.

"त्यांना... काही निरोप द्यायचाय का?"



"निरोप कसला द्यायचा? संध्याकाळी घरातच तर असतात. आले की त्या कॉम्प्युटरपुढे बसतात. माझ्याबद्दलच लिहितात म्हणे, लोक फार हसतात. मी मागेच उभी असते हो. पण वळून बघायला यांना सवड कुठाय! चालायचंच. उभं राहून राहून पाय तेवढे भरून येतात."

फोन कुणी ठेवला, तिने की आपण, हे काकांना नंतर आठवेना.

त्या संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटर लावला नाही. स्वयंपाकघरात बसून ते मोठ्याने बोलू लागले. आधी लाज वाटली, मग जीभ सैल झाली. एक्सरे काढताना 'हसू का?' विचारणाऱ्या बाईंची गोष्ट सांगितली. लेकीची सांगितली. गेल्या दोन वर्षांत तिच्या तोंडी घातलेली किती वाक्ये तिला आवडली नसती, तेही सांगितले. उत्तर आले नाही. पाठीमागे मात्र कुणीतरी हसू दाबून धरल्यासारखे वाटत राहिले. वळून बघण्याचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी बसल्या बसल्या पायाने दुसरी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "बस गं जरा. पाय दुखतील."

रविवारी फळांच्या शाळेत, रिकाम्या वर्गात सगळे जमले. फोटोही न पाहिलेली माणसे, पण दारातच एकमेकांना ओळखले. उंदीरमामा लिखाणात होते तसेच गोल होते, आणि मुलांच्या बाकात बसायला गेले ते तिथेच अडकले. काकूंसाठी फळांनी स्टाफरूममधून हाताची खुर्ची आणून तिच्यावर उशी ठेवली होती. गोळी अगदीच किरकोळ, अबोल बाई निघाली. तिने पिशवीतून मलमाची ट्यूब काढून काकांपुढे धरली.

"काकूंच्या पायांना. फळांना फोनवर म्हणाल्या ना त्या, भरून येतात म्हणून."

काकांनी ट्यूब हातात घेतली. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

"ती येणार नाही," ते म्हणाले. "ती गेली. मी लिहायला लागलो त्याच्या आधीच गेली. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

उंदीरमामांनी काहीतरी विनोदी बोलायला तोंड उघडले आणि मिटले. मग चष्मा काढून पुसत बसले. गोळी शांतपणे म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"कसं?"

"तुमच्या लिखाणात काकूंना कधी साधी सर्दीसुद्धा झाली नाही. जिवंत माणूस असं नसतं, काका."

"मग बोलली का नाहीस?"

"काकूंचं नाव घेतलं म्हणून तुम्ही तापात पट्टी तरी ठेवलीत ना? म्हटलं, चाललंय ते चालू दे."

फळांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पण मग मी... मी कुणाशी बोलले?"

काकांनी तुटलेल्या तारेचे, क्रॉस लागलेल्या फोनचे, कुठल्याशा एकट्या बाईचे सांगितले. सगळ्यांनी ते चटकन मान्य केले. "होतं असं," उंदीरमामा म्हणाले. "आमच्या कचेरीत तर नेहमी." नळाचे आणि पायांचे काका बोलले नाहीत.

मग चहा झाला, गप्पा झाल्या, हसणेही झाले. उंदीरमामांना बाकातून ओढून काढायला तिघे लागले, आणि उरलेला वेळ त्यांनी उभ्यानेच काढला. उशीची खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर कुणी बसले नाही. बस असे कुणी कुणाला म्हटलेही नाही.

निघताना फळा हळूच म्हणाल्या, "काका, तो फोन नका जोडून घेऊ. राहू दे की तसाच."

"नाही," काका म्हणाले. "तिला किती दिवस उत्तरं द्यायला लावायची? मी बोलवत राहिलो म्हणून ती थांबली असेल, तर ते बरं नाही."

सोमवारी लाइनमन आला. खांबावरून त्याने हाक मारली, काकांनी रिसीव्हर उचलला. डायल टोन आला होता, सपाट, सगळीकडे असतो तसा. लाइनमन गेला. काका बराच वेळ टेबलाशी उभे होते. घर नेहमीसारखे होते. नळ नुसता नळ होता.

आणि फोन वाजला.

दुसऱ्या घंटेला काकांनी तो उचलला.

"नमस्कार सर," एक तरुण, दमलेला आवाज म्हणाला. "पाणी शुद्ध करायच्या यंत्राबद्दल बोलते आहे. घरात मॅडम आहेत का?"

"नाही."

"मग मी नंतर करू? किती वाजता भेटतील?"

"नाही भेटणार," काका म्हणाले. "मला सांगा. मी ऐकतो."

मुलीला याची सवय नसावी. ती अडखळली, मग तिने पाठ केलेले पहिल्यापासून सुरू केले. "घरात माणसं किती, सर?"

काकांनी खोलीवरून नजर फिरवली. दार, खिडकी, कॉम्प्युटरचा बंद पडदा, पलीकडे स्वयंपाकघरात मागे सरकवलेली खुर्ची.

"एक," ते म्हणाले.

"एका माणसासाठी आमचं लहान मॉडेल आहे, सर. माहिती देऊ?"

"द्या," काका म्हणाले, आणि भिंतीला टेकून, मध्ये एकदाही न बोलता, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.