उजवीकडून सही

माझा पारा लवकर चढतो, हे कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. चहावालाही आधी माझा चेहरा बघतो आणि मग कप ठेवतो. त्या मंगळवारी मंजुषानं क्रांती चौकातल्या माझ्या ऑफिसात एकसष्ट कागद टेबलावर ठेवले, तेव्हा पाचव्या कागदालाच माझं डोकं तापलं.

मंजुषा शहराच्या कडेच्या बरडवस्तीवर शिवणकाम करते. वस्तीवरची एकसष्ट नावं मतदार यादीतून काढा, असे अर्ज कुणीतरी केले होते. प्रत्येक नावाला वेगळा अर्ज. कारण म्हणून कुठं ‘स्थलांतरित’, कुठं ‘मयत’. ज्यांना स्थलांतरित म्हटलं होतं त्यातली एक, म्हणजे खुद्द मंजुषा, माझ्यासमोर बसून पदरानं घाम पुसत होती.

“मागच्या बारीला वस्तीनं त्या पुढारी शिवराजच्या माणसाला मतं देली नाय,” ती म्हणाली. “तवापासून त्यानं डूख धरलाय. पण अर्जावर सही त्याची नाय, ताई. आमच्या कारभारी आबांची हाय. आबा आसं करतील, हे सपनात बी नव्हतं.”

एकसष्ट अर्जांखाली एकच सही होती. कारभारी सांडू औताडे. ठसठशीत, वळणदार देवनागरी.

सुनावणी शुक्रवारी होती. पुढच्या आठवड्यात निवडणूक जाहीर होणार अशी कुजबुज होती, आणि एकदा ती जाहीर झाली की यादीला हात लावायला कोर्टही सहसा तयार होत नाही. शुक्रवारी अर्ज मंजूर झाले असते, तर मतदानाच्या दिवशी एकसष्ट माणसं शाळेच्या दारातून परत फिरली असती. मी त्याच बैठकीत कारभारी औताडे नावाच्या माणसाला नोटीस लिहिली. खोटं निवेदन केल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे वाक्य मी मुद्दाम ठळक केलं आणि नोटीस मंजुषाच्याच हाती दिली.

गुरुवारी दुपारी तो माणूस माझ्या दारात उभा होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, धोतर, टोपी, काखेत कापडी पिशवी. मागं त्यांची बायको. मी खुर्चीसुद्धा दाखवली नाही.

“ताई, तुमचा कागद आला,” ते म्हणाले. “नातसुनंनं वाचून दावला. तर मला इचारायचं व्हतं, त्या अर्जांत हिचं बी नाव हाय का?”

मी गठ्ठा ओढला आणि एकेक अर्ज बघत गेले. बाविसावा अर्ज. आशाबाई कारभारी औताडे, वय एक्क्याऐंशी. मयत.

दोन दिवस ते कागद माझ्यासमोर होते. त्यातलं आडनाव मला दिसलं नव्हतं, कारण मी सही बघितली होती आणि रागावले होते. माणूस आपल्या जित्या बायकोला मयत लिहील का, हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नव्हता.

“आजी, बसा,” मी म्हणाले.

आशाबाई बसल्या. “वस्तीवरच्या बाया बोलंनात माझ्यासंगं. म्या नळावर गेले की भांडी उचलून जात्यात. खरंच मेले आसते तर दारात तरी आल्या आसत्या.”

मला लाज वाटली. मी निमूटपणे प्रतिज्ञापत्र टाइप केलं: हे अर्ज माझे नाहीत, सही माझी नाही. कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि सवयीनं शाईचा पॅडही पुढं सरकवला.

कारभारी आबांनी पॅड एका बोटानं माझ्याकडं परत ढकलला.

“पेन द्या.”

त्यांनी पेन धरलं आणि कागदाच्या उजव्या कडेला टेकवलं. आता हे कुठून सुरू करतायत, असं मनात येईपर्यंत पेन डावीकडं निघालं होतं. हळूहळू, न अडखळता, मग दोन ठिकाणी टिंबं. उर्दू होती ती.

“निजामाच्या राज्यात तीन यत्ता शिकलो,” ते म्हणाले. “मास्तर उर्दूच शिकवायचे. मंग पोलीस ॲक्शन झाली, शाळा बंद पडली, म्या बैलांमागं गेलो. मराठी लिवाया कवा आलंच नाय. सही तेवढी ऱ्हायली.”

“आबा, मी चुकले. ती नोटीस मागं घेते.”

“चुकलात तर चुकलात. उद्या बरूबर बोला म्हंजी झालं.” त्यांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. शेताचं खरेदीखत होतं, एकोणीसशे बहात्तर सालचं. खाली तीच सही, उजवीकडून.

शुक्रवारी सुनावणीला वस्ती लोटली होती. मतदार नोंदणी अधिकाऱ्यांनी पुकारा करताच समोरून काझीसाहेब उठले. वीस वर्षं मी त्यांच्याशी भांडतेय. आमच्यातलं एकमत फक्त कँटीनचा चहा वाईट आहे यावर.

“हरकत घेणारे कारभारी औताडे यांच्यातर्फे मी,” म्हणत त्यांनी वकीलपत्र पुढं केलं. त्यावरही तीच वळणदार देवनागरी सही.

माझ्याशेजारी बसलेल्या आबांनी विचारलं, “ताई, हे कोन?”

“तुमचे वकील.”

“आसं व्हय?” आबा उठले, हात जोडले. “राम राम, सायेब. आपली वळख नव्हती.”

खोलीत हशा पिकला. काझीसाहेब हसले नाहीत. ते त्या म्हाताऱ्याकडं आणि मग हातातल्या वकीलपत्राकडं बघत राहिले.

मी प्रतिज्ञापत्र आणि खरेदीखत दाखल केलं. अधिकाऱ्यांनी आबांकडून कोऱ्या कागदावर पुन्हा सही करून घेतली, ती उलटसुलट बघितली आणि म्हणाले, “मला ही लिपी येत नाही. दोन्हीकडं एकच नाव आहे, हे मी कशावरून मानू?”

“काझीसाहेबांना येते,” मी म्हणाले.

ते नाही म्हणू शकले असते. तज्ज्ञाकडं पाठवा, तारीख द्या, एवढं म्हटलं असतं तरी आठवडा गेला असता, आणि आठवड्याबरोबर एकसष्ट मतं. काझीसाहेबांनी चष्मा लावला आणि दोन्ही कागद खिडकीपाशी नेले.

“कारभारी वल्द सांडू,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “सांडूचा मुलगा कारभारी. बहात्तर सालीही हेच, आजही हेच. हात एकच आहे.” मग परत येऊन त्यांनी वकीलपत्र उचललं. “हे माझ्याकडं सही होऊनच आलं. शिवराजनं आणून दिलं. माझ्या अशिलाला मी आज पहिल्यांदा बघतोय. चूक माझी आहे. मी हे मागं घेतो.”

काझीसाहेबांच्या तोंडून ‘चूक माझी’ ऐकायला मी वीस वर्षं थांबले होते. ऐकलं, पण आनंद झाला नाही. त्यांनी माणूस न बघता वकीलपत्र घेतलं होतं आणि मी माणूस न बघता नोटीस दिली होती.

अधिकाऱ्यांनी एकसष्ट अर्ज एकसष्ट वेळा फेटाळले, प्रत्येकावर स्वतःच्या हातानं लिहून. बनावट सह्यांची फौजदारी तक्रार करण्याचा आदेशही दिला. त्या सह्या कुणी केल्या, हे शोधून काढेपर्यंत मी ते प्रकरण सोडणार नाही, हे मी तिथंच मंजुषाला सांगितलं. मंजुषानं उठून आशाबाईंचा हात धरला.

‘मयत’ म्हटलेल्यांनी समक्ष हजर असल्याचा जबाब द्यायचा होता. आशाबाईंनी अंगठा उठवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “आवो, हितं माझं नाव लिवा. तुमच्या हातानं.”

कारकुनानं साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, “अंगठा ओळखणारे म्हणून लिहू द्या.”

आबांनी माझ्याकडं हात केला. मी पेन दिलं. अंगठ्याशेजारी त्यांनी उजवीकडून काहीतरी लिहिलं, सहीपेक्षा जास्त वेळ घेऊन, आणि त्याखाली सही केली.

“काय लिवलं?” आशाबाईंनी विचारलं.

काझीसाहेब बॅग आवरून निघाले होते. ते थांबले, कागदावर वाकले आणि कुणी न सांगता त्यांनी वाचलं.

“आशाबाई. हयात.”

आबांनी पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं.