सुभेदारांची साफसफाई

कोरेगावातल्या एका कॉलनीमागच्या ओढ्याकडं तीन वर्षांपूर्वी नाकाला रुमाल लावल्याशिवाय कुणी फिरकत नसे. सगळ्यांचं सांडपाणी त्यातच. खालच्या अंगाला अकिलाभाभींचं घर आणि घरापुढं आड. घाण मुरायची ती त्यांच्याच पाण्यात. तक्रारी करून थकल्यावर भाभींनी पन्नास पावलांच्या पट्ट्यात दगड रचले, वाळू टाकली, कर्दळ, वाळा आणि पाणकणीस लावलं. लोक हसले. पण मुळ्यांतून पाणी निवळून पुढं जाऊ लागलं, वास गेला, आडाचं पाणी वापरात आलं, आणि वरच्या तारेवर खंड्या येऊन बसू लागला.

एवढ्यात नगरपंचायतीत ओढा काँक्रीटनं बांधून वर स्लॅब टाकायचं घाटू लागलं. भाभींनी अर्ज केला, की त्यापेक्षा सगळा ओढा असाच झाडांनी स्वच्छ करा. अर्जावर पहिली सही शेजारच्या लालासाहेबांची. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यांच्या शब्दाला वजन होतं. अभियंता क्रांती मॅडम शुक्रवारी पट्टा बघायला येणार असं ठरलं. नेमकं आदल्या दिवशी भाभींना वडूजला, लेकीकडं जावं लागलं. जाताना म्हणाल्या, "दादा, उद्या सकाळी येतीच मी. तवर ध्यान ठेवा."

लालासाहेबांनी ध्यान ठेवलं, नको इतकं ठेवलं. इन्स्पेक्शन म्हटलं की त्यांच्या अंगात पलटण संचारायची. वाळकी पानं, आडवी पडलेली पाणकणसं, शेवाळलेले दगड बघून त्यांना राहवेना. साहेबासमोर हे असलं गबाळं? त्यांनी जेसीबी बोलावला. संध्याकाळपर्यंत ओढ्याची पार हजामत झाली, काठाच्या दगडांना गेरू-चुना लागला आणि स्वारी छाती फुगवून घरी गेली.

सकाळी चहाचा पहिला घोट घेतानाच वास आला. आपण काय करून बसलो ते तेव्हा त्यांना उमगलं, आणि कप हातातच राहिला.

मॅडम आल्या तेव्हा भाभीही एसटीतून उतरून तशाच, खांद्यावरच्या पिशवीसकट पोचल्या होत्या. चुन्याच्या सरळ रेघांमधून काळं पाणी आडाकडं चाललं होतं. झाडं कुठं आहेत, असं मॅडमनी विचारलं. भाभींनी एकदा चुन्याकडं पाहिलं, एकदा लालासाहेबांकडं.

"मीच काढाय लावली, मॅडम," त्या म्हणाल्या. "गाळ लय साचला हुता."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या जीपकडं निघाल्या. जीप तीस पावलांवर उभी होती. सीमेवर बर्फ तुडवलेला हा गडी ती तीस पावलं चालला नाही.

जीप गेल्यावर त्यांनी कसंबसं विचारलं, "खोटं का बोलला तुमी?"

"पयली सही तुमची हाय, दादा. समदे हसले असते तुमाला." एवढं बोलून भाभी उपसलेल्या ढिगात कर्दळीचे कंद शोधू लागल्या.

त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस लालासाहेब घराबाहेर पडले नाहीत. खिडकी लावली तरी वास येतच होता.

सोमवारी कचेरी उघडली तेव्हा ते दारातच उभे होते. मॅडमच्या टेबलावर ओढ्याची फाईल होती, स्लॅबच्या मंजुरीवर सही व्हायची बाकी होती. सवयीनं टाचा जुळल्या, पण मान काही वर होईना.

"झाडं म्या काढली," ते म्हणाले. "त्या बाई माझी अब्रू झाकाय खोटं बोलल्या. आन म्या झाकू दिली."