कडूबाईच्या घरची भाकरी

"बोगद्यात पानी हाय तर टेम्पो ठिव पलीकडंच, आन पाटी घेऊन रुळावरनं पायी ये की! पाय मोडल्यात का तुझं?" कडूबाई मोबाईलमध्ये एवढ्यानं ओरडली, की मोबाईल नसता तरी पलीकडं टेम्पोतनं भाकरी गोळा करणाऱ्या बिभीषणला ऐकू गेलं असतं.

"काकू, सरपंच आप्पासाहेब म्हनले टाइम न्हाई. गाडी यायला झाली. वस्तीवरची चार घरं, त्यांच्याबिगर काय अडतंय?"

"अडत न्हाई व्हय? बरं," म्हणून तिनं फोन ठेवला.

निंबवडगावात पहिल्यांदाच रेल्वे येणार होती, म्हणून कालपासून सण होता. शनिवारी लेझीम झालं, कुस्त्या झाल्या. आज रविवारी स्टेशनाशेजारी अख्ख्या गावाची आमटी-भाकरी. आमटी एका कढईत शिजायची, भाकरी मात्र घराघरांतून यायची. ती कुणी स्वतः नेऊन द्यायची नाही. गावानं पाटी घेऊन दारात यायचं, असा यात्रेतला जुना रिवाज. ज्या दारात पाटी आली ते घर गावातलं.

कडूबाईचा जन्म ऊस तोडण्यात गेला. यात्रेच्या वेळी ती बहुधा कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असायची. पण निघताना शेजारणीकडे पीठ ठेवून जायची, आणि तिच्या नावच्या भाकरी पाटीत पडायच्याच. मग रेल्वेचं काम निघालं. रूळ नेमके तिच्या घरावरून गेले, आणि ती पलीकडच्या माळावर पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. रुळांखालून गावात जायला बोगदा केला होता, त्यात परवाच्या अवकाळीचं पाणी तुंबलेलं. म्हणजे जिच्या चुलीवरून गाडी येणार, तिच्याच घरची भाकरी गावाला जड झाली. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून तिला स्वतःचाच आणखी राग आला.

"आपुनच नेऊन देऊ का, आक्का?" शेजारच्या मालनबाईनं विचारलं. तिनंही पहाटेपासून भाकरी थापल्या होत्या.

"आन काय सांगू? घ्या बाबा, आमाला पन गावात घ्या? कुत्र्याला घालीन, पर भाकरी घिऊन गावाच्या दारात जानार न्हाई म्या."

तेवढ्यात भोंगा वाजला. झेंडूच्या माळा घातलेलं इंजिन वळणावर दिसलं, हळू झालं, आणि चक्क कडूबाईच्या अंगणासमोर उभं राहिलं. स्टेशनातली हौशी मंडळी फोटो काढायला रुळांवरच उतरली होती, म्हणून सिग्नल मिळत नव्हता, हे नंतर कळलं. पुढं-मागं सगळीकडं रुळांच्या कडेनं जाळी ठोकून झाली होती. वस्तीपुढचा तुकडा तेवढा राहिला होता.

कडूबाईनं क्षणभर गाडीकडं पाहिलं आणि पदर खोचून पाटी डोक्यावर घेतली.

"अगं, जानार न्हाई म्हनलीस ना?"

"गावाकडं न्हाई जानार. ही तर माज्या दारात आलीया. उचल तुजी बी पाटी!"

खिडकीतून वाकलेल्या ड्रायव्हरला तिनं भाकरी-ठेचा वर दिला. बाजरीची भाकरी, अजून ऊन होती.

"आजी, गाव कोणतं?"

"निंबवडगाव! गाव पुढं हाय आसं कुनी सांगितलं, तर ऐकू नको. गाव हितनंच सुरू हुतं."

डब्यांच्या दारादारांतून हात बाहेर आले. पोरं, बायका, कोट घातलेला एक पाहुणा, सगळ्यांनी घेतलं. मालनबाई तर लग्नात वाढावं तसा आग्रह करत सुटली. सिग्नल मिळाला तेव्हा दोन्ही पाट्या रिकाम्या होत्या, आणि कडूबाई कितीतरी दिवसांनी हसत होती.

तासाभरानं बिभीषण रुळांवरून पायी आला. डोक्यावर पाटी, तोंड पडलेलं.

"काकू, भाकरी दे. एक तरी."

"का? माजं काय अडत हुतं?"

"आप्पासाहेबांनी ड्रायव्हरपुढं ताट धरलं, तर तो माईकवरच म्हनला, तुमच्या गावाची भाकरी खाऊन आलो, अलीकडच्या घरची. ते ऐकून कारभारी तात्या ताटावरनं उठले. म्हनले, वस्तीची भाकरी आल्याबिगर घास न्हाई घ्यायचा. त्यांच्यामागं सगळी पंगतच उठली. आमटी निवाय लागलीय, काकू. आप्पासाहेबच म्हनले, जा, घिऊन ये."

कडूबाईनं मालनबाईकडं पाहिलं. मग चुलीत काटक्या सारल्या, परातीत पीठ घेतलं आणि निवांत मळायला बसली. पलीकडून स्पीकर हाका मारत होता. तिनं घाई केली नाही. भाकरी थापली, शेकली, फुगली, तशी उचलून त्याच्या पाटीत टाकली. मालनबाईनंही आपली एक टाकली. बिभीषणनं पाटी डोक्यावर घेतली आणि लगबगीनं रुळांकडं निघाला.

"ए! तितनं नको," कडूबाई मागून म्हणाली. आवाज आता ओरडायचा नव्हता. "जरा अलीकडनं जा. तितं माजी चूल हाय."

बिभीषणनं खाली पाहिलं. नुसती खडी होती. त्यानं उचललेला पाय मागं घेतला, आणि बाजूनं वळसा घालून पलीकडं गेला.